चपला न काढता बरं होण्याची सोय

डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी चपला बाहेर काढाव्या लागतात. मग नंबर लावायचा, बाकावर बसायचं, समोरच्या भिंतीवरचं यकृताचं चित्र बघत आपलं यकृतही एवढं लाल असेल का याची काळजी करायची, आणि आत गेल्यावर ‘काय होतंय?’ या पहिल्याच प्रश्नाला घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरून जायचं. वर फी द्यायची. मेडिकलचं तसं नाही. तिथे चपला घालून, हातात भाजीची पिशवी धरून, उभ्या उभ्या बरं होता येतं. काही हुशार मंडळी तर स्कूटरवरून न उतरताच बरी होतात. गाडी चालू, एक पाय फुटपाथला टेकवलेला आणि लांबूनच हाक : “काका, ॲसिडिटी!” एवढ्या दोन शब्दांत तक्रार, तपासणी आणि निदान तिन्ही उरकलेलं असतं. उरते फक्त गोळी.

आमचं मेडिकल डोंबिवली पूर्वेला, स्टेशनहून घरी यायच्या वाटेवर आहे. त्यामुळे संध्याकाळी साडेसात ते नऊ तिथे जी गर्दी होते ती लोकलच्या वेळापत्रकाप्रमाणे होते. कर्जत फास्टने पाठी येतात, कसारा फास्टने खांदे येतात. विंडो सीट मिळालेल्यांच्या सर्द्या येतात आणि न मिळालेल्यांची डोकी. काउंटरमागे मेडिकलवाले काका उभे असतात. काका बी.फार्म. आहेत. बारावीनंतर चार वर्षं अभ्यास करून, परीक्षा देऊन, रीतसर नोंदणी करून ते तिथे उभे आहेत. त्यांचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं आहे, शेजारी नमुना २० आणि २१चे परवाने आहेत आणि मधे लक्ष्मी आहे. औषध देणारा माणूस नोंदणीकृत फार्मासिस्टच हवा, असं १९४८चा फार्मसी कायदा म्हणतो. काही दुकानांत म्हणे प्रमाणपत्र एकटंच नोकरीला असतं आणि प्रमाणपत्राचा धनी भलत्याच गावी. आमच्याकडे दोघंही रोज हजर असतात. पण गर्दीतली एकही मान त्या फ्रेमकडे वळत नाही. कुठलं औषध घ्यायचं हे आम्ही शेजाऱ्यांना विचारतो, आणि शेजारी कुठे राहायला गेले हे मेडिकलवाल्यांना.

औषध मागायची आमची एक पद्धत आहे. तिच्यात औषधाचं नाव येत नाही.

“काका, ती गोळी द्या. मागच्या वेळी दिली होती ती.”

“कुठली?”

“ती हो. पांढरी. गोल.”

काकांच्या मागे जमिनीपासून छतापर्यंत मांडणी आहे आणि तिच्यातल्या बहुतेक गोळ्या पांढऱ्या आणि गोल आहेत. काका शांतपणे विचारतात, “कशासाठी दिली होती?”

“तेच तर आठवत नाही. पण गुण आला होता.”

यापेक्षा शास्त्रीय लोक कापलेल्या पट्टीचा तुकडा घेऊन येतात. मी त्यांच्यातला. पण पट्टीतून गोळ्या कापताना नावाचे तुकडे होतात, आणि आपल्या वाट्याला येणारा तुकडा नेमका शेवटचा असतो. माझ्या तुकड्यावर फक्त ‘सिन ५००’ एवढंच उरलं होतं. मी ते अभिमानाने पुढे केलं. काका म्हणाले, “अहो, अझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सगळ्यांचा शेवट सिनच. तुमचं कुठलं?”

“पाचशेवालं.”

“ही तिन्ही पाचशेत येतात.”

“मग यातलं चांगलं कुठलं?” असं मी विचारल्यावर काकांनी डोळे मिटले. मला वाटलं ते आठवत आहेत. बायकोच्या मते ते मनातल्या मनात आकडे मोजत होते.

स्वतःसाठी औषध घ्यायला सहसा कुणी येत नाही. आजारी माणूस घरी असतो आणि वकील काउंटरवर. परवा माझ्यापुढे आमच्या समोरच्या काकू होत्या.

“डोकं दुखतंय, काहीतरी द्या.”

“कोणाचं?”

“आमच्या यांचं.”

“कधीपासून?”

“मॅच सुरू झाल्यापासून.”

“आवाज किती मोठा असतो टीव्हीचा?”

“खाली वॉचमनला स्कोअर कळतो.”

“मग आधी टीव्ही बंद करून बघा. नाही थांबलं तर गोळी न्या.”

काकू नाराज झाल्या. दहा रुपयांची गोळी मागितली तर माणूस टीव्ही बंद करायला सांगतो, ही काय धंद्याची रीत झाली? त्या गोळी घेऊनच गेल्या. टीव्ही बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं.

काउंटरची दुसरी गंमत म्हणजे तिथे खाजगी असं काही राहत नाही. माणूस ज्या आजाराबद्दल जितकं हळू बोलतो तितका तो आजार मोठ्याने बाहेर पडतो. सासऱ्यांसाठी मला एक मलम हवं होतं. रांगेत लोक होते म्हणून मी पुढे वाकून, ओठ न हलवता नाव सांगितलं. पंखा जोरात होता, बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चालू होतं. काकांनी कानाला हात लावला. मी पुन्हा कुजबुजलो. काकांना कळलं आणि त्यांनी आतल्या मुलाला हाक मारली, “अरे, मूळव्याधीचं मलम काढ! मोठी ट्यूब!” मग माझ्याकडे वळून, “त्रास बाहेर आहे की आत?”

माझ्या मागे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पहिल्या मजल्यावरच्यांनी मला “उभेच राहा, उभेच राहा,” असं सांगितलं. लिफ्टमध्ये बसायची सोय मुळात नाही. तिसऱ्या मजल्यावरून सुरणाची भाजी आली. रविवारच्या सभेत सगळ्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि एका खुर्चीवर उशी होती. मलम सासऱ्यांचं होतं हे मी ज्याला ज्याला सांगायला गेलो त्याने इतक्या समजूतदारपणे मान हलवली की पुढे बोलणंच खुंटलं. सासरे मात्र टुणटुणीत बरे होऊन गावी गेले. त्यांचा आजार मी इथे अजून सांभाळतो आहे.

रांग ही नुसती रांग नसते, ते एक वैद्यकीय मंडळ असतं. खोकला म्हटलं की मागून प्रश्न येतो, “सुका की ओला?” त्याच्यामागचा सांगतो, “आलं आणि मध.” तिसरा म्हणतो, “काही उपयोग नाही, आमच्या साडूला शेवटी ॲडमिट केलं.” यात काका बोलतात सगळ्यात कमी, आणि बोलतात तेही कुणाला नको असलेलं. “दोन आठवडे झाले ना खोकल्याला? मग सिरप नको. थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते.” रांगेला हे बिलकुल आवडत नाही. एवढ्या लोकांनी एवढे उपाय सुचवलेले असताना तपासायला पाठवणं म्हणजे मंडळाचा अपमानच.

चिठ्ठीचा प्रश्न निघाला की मामला आणखी तापतो. अँटिबायोटिक, झोपेची गोळी असली औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. त्यातली काही शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. त्यांच्यासाठी २०१४पासून काकांना वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं : डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कुठलं, किती दिलं. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. काकांनी ते काढलं की आमच्यातल्या सज्जन माणसालाही आपल्यावर पोलीस केस होते आहे असं वाटतं.

“मी तुमचं एवढं जुनं गिऱ्हाईक, आणि मला चिठ्ठी मागता?”

“जुनं गिऱ्हाईक अजून जुनं व्हावं म्हणूनच मागतो.”

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी यावर उपाय शोधला आहे. त्यांनी आपली चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली आहे. घड्या पडून फाटायला नको, पावसात भिजायला नको. ती चिठ्ठी २०१७ची असून घशाच्या दुखण्यासाठी पाच दिवसांची आहे. घसा धरला की आजोबा ती बँकेच्या पासबुकाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढतात.

“आजोबा, ही चिठ्ठी सतराची आहे.”

“घसाही तोच आहे.”

“डॉक्टर रिटायर होऊन पुण्याला गेले.”

“अक्षर इथेच आहे ना?”

अक्षर होतं, पण ते अक्षर आहे हे काकांनाच कळत होतं. औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असा नियम २०१६मध्ये आला. आजोबांची चिठ्ठी त्याच्या नंतरची असली तरी नियम तिच्यापर्यंत पोचलेला दिसत नव्हता. काकांनी आजोबांना खुर्ची दिली, आजच्या डॉक्टरांना फोन लावला, वेळ घेऊन दिली आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. आजोबांनी गुळण्या केल्या आणि घसा सुटला. याचं श्रेय ते लॅमिनेशनला देतात.

याच आजोबांना काकांनी एकदा बीपीची जेनेरिक गोळी दाखवली. आतलं औषध तेच, किंमत निम्म्याहून कमी. २००८मध्ये सरकारने जनऔषधी योजना काढली ती यासाठीच. आजोबांनी पट्टी उजेडात धरून बघितली. त्यांचा आयुष्यभराचा अनुभव असा की स्वस्त आंबा आंबट निघतो.

“एवढी स्वस्त? म्हणजे जोर कमी असणार.”

“जोर तेवढाच आहे.”

“मग दोन घेतल्या तर?”

“अजिबात नको! दर अर्धा आहे, औषध अर्धं नाही.”

आजोबा शेवटी महागवालीच घेऊन गेले आणि जाताना बिलावर दहा टक्के सूट का नाही म्हणून पाच मिनिटं भांडले.

उरलेल्या गोळ्यांचं काय होतं हे विचारू नका. आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. कुणाचाही ताप उतरला की उरलेल्या गोळ्या त्यात जातात, कारण टाकून द्यायला जीव होत नाही. पाच दिवसांचा कोर्स आमच्या घरात तिसऱ्या दिवशी संपतो, म्हणजे माणसाला बरं वाटतं. उरलेले दोन दिवस डब्यात जातात. डब्यात आज काय नाही? पोटाच्या, पाठीच्या, दाताच्या, नाव कापलेल्या, नाव पुसलेल्या, आणि एक मोठी गुलाबी गोळी, जी बहुधा आमच्या आधीच्या भाडेकरूंच्या कुत्र्याची आहे. वर्षातून एकदा बायको डबा आवरायला घेते तेव्हा घरात खरं संकट येतं.

“या चार गोळ्या याच महिन्यात एक्स्पायर होतायत. कुणाचं काही दुखतंय का?”

“नाही.”

“नीट आठवा. गुडघा?”

पट्टीवर नुसता महिना छापलेला असेल तर गोळी त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते, ही माहिती तिला काकांनीच दिली. तिने तिचा अर्थ असा लावला की ३१ तारखेच्या आत घरातल्या कुणीतरी आजारी पडणं हे कर्तव्य आहे. मी आणि मुलगा त्या आठवड्यात तिच्यासमोर कपाळाला हात लावत नाही. हे काकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, तो डबा इकडे घेऊन या, मी बघतो.” डबा अजून गेलेला नाही. एवढ्या गोळ्या फुकट कशा द्यायच्या?

पण या सगळ्या शास्त्राचा आमच्या घरातला अधिकारी पुरुष म्हणजे माझा मेव्हणा. तो कराडला विमा विकतो. विम्याचे फॉर्म भरता भरता त्याने इतके आजार वाचले आहेत की आता त्याला डॉक्टरांची कीव येते. मागच्या पावसाळ्यात तो आमच्याकडे आला तो नाक गळतच. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, “दाजी, उगाच पैसे कशाला? मला माहिती आहे काय घ्यायचं ते.” आम्ही मेडिकलला गेलो.

“काका, अँटिबायोटिक द्या. लाल रेघवाली. ती जोरदार असते.”

पट्टीवरची ती उभी लाल रेघ म्हणजे हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, अशी खूण. आरोग्य मंत्रालयाने २०१६मध्ये तिची मोठी मोहीम काढली होती. मेव्हण्याने ती मोहीम पाहिली होती आणि जाहिरात म्हणून लक्षात ठेवली होती.

“साधी सर्दी दिसते. सर्दी व्हायरसची असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही,” काका म्हणाले. “दुसरं काय घेताय?”

“अजून काहीच नाही. आज रात्रीपासून सुरू करणार. माल आहे आपल्याकडे.” मेव्हण्याने खिशातून तीन पट्ट्या काढल्या. तापाची गोळी कराडच्या मित्राने सांगितलेली. सर्दीची गोळी गाडीतल्या सहप्रवाशाने. अंगदुखीची आमच्या समोरच्या काकूंनी, जिना चढताना. “तिन्ही, दिवसातून तीनदा.”

काकांनी तिन्ही पट्ट्या काउंटरवर ओळीने मांडल्या आणि मागची बारीक अक्षरं बोटाने दाखवली. पहिलीत पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम. दुसरीत सर्दीची दोन औषधं आणि पॅरासिटामॉल ५००. तिसरीत दुखण्याचं औषध आणि पॅरासिटामॉल ३२५. मग त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. एका वेळचे झाले १४७५, तीन वेळचे ४४२५. “धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००. त्याच्यावर गेलात तर सर्दी जाईल की नाही माहीत नाही, यकृताचं काम निघेल. तीन जणांनी तुम्हाला तीन नावांनी एकच औषध दिलंय.”

रांग गप्प झाली. मला वाटलं, आता तरी मेव्हणा जमिनीवर येईल. त्याने तिन्ही पट्ट्यांकडे बघितलं, मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “बघा दाजी. तिघांनी वेगवेगळं तपासलं आणि तिघांचं निदान एकच आलं.”

काकांनी त्याला वाफ घ्यायला सांगितली, ताप चढला तर एकच गोळी कुठली आणि किती तासांनी ते पट्टीवर मार्करने लिहून दिलं, आणि तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टर, असं बजावलं. बिल झालं शून्य. मेव्हण्याला ते पटलं नाही. बिल नाही म्हणजे उपचारच झाले नाहीत असं म्हणून त्याने हट्टाने एक साबण विकत घेतला.

हल्ली घरपोच औषधं देणारी ॲप आली आहेत, तेव्हा काकांचं काम कमी झालं असेल असं मला वाटायचं. तसं नाही. विक्री तिकडे गेली, शिकवणी इथेच राहिली. परवा एक तरुण इनहेलरचं नवं कोरं खोकं घेऊन आला.

“काका, ॲपवरून मागवलं. वीस टक्के सूट होती. हे ओढायचं कसं?”

काकांनी कपाळाला आठीसुद्धा पाडली नाही. खोकं उघडलं आणि दाखवलं : आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, तोंडात धरा, श्वास आत घ्यायला लागा तेव्हाच दाबा, आणि मग दहा सेकंद श्वास रोखून धरा. “एक, दोन, तीन...” काका मोजायला लागले. त्या तरुणाने श्वास रोखला, भाजीची पिशवी धरलेल्या बाईंनी रोखला, आजोबांनी रोखला, मीही रोखला. दहा म्हटल्यावर अख्ख्या रांगेने एकदम श्वास सोडला आणि काउंटरवरची बिलं उडाली. तरुण “थँक्यू” म्हणून गेला. जाताना त्याने ॲपला पाच तारे दिले असावेत.

२५ सप्टेंबर हा जागतिक फार्मासिस्ट दिन असतो. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात वाचून मी त्या दिवशी मुद्दाम काउंटरवर गेलो आणि जरा घसा साफ करून काकांना शुभेच्छा दिल्या. काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “थँक्यू. सुट्टे आहेत का हो पाचशेचे? सकाळपासून सगळे माझ्याकडेच मागतायत.”

आणि मग गेल्या आठवड्यात अघटित घडलं. काका स्वतःच आजारी पडले. गळ्यात मफलर, नाक लाल, आवाज बसलेला, अशा अवस्थेत ते काउंटरला उभे. रांगेत आनंदाची लाट पसरली. इतकी वर्षं ज्यांचं कुणी ऐकलं नव्हतं त्यांना आज हक्काचा पेशंट मिळाला होता. “काका, हळदीचं दूध.” “काका, तुळशीचा काढा, वर काळी मिरी.” आजोबांनी तर पिशवीतून लॅमिनेट केलेली चिठ्ठी काढून पुढे केली, “घ्या, आजच्या दिवस वापरा.” काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, रुमालाने नाक पुसलं आणि बसलेल्या आवाजात सांगितलं, “मी दुपारीच डॉक्टरांना दाखवून आलो.”

रांगेचा चेहरा पडला. काकू म्हणाल्या, “अगंबाई! म्हणजे तुमचा तुमच्याच दुकानावर भरवसा नाही?” कुणीतरी “काय दिवस आलेत,” असंही म्हणालं. थोडा वेळ कुणी बोलेना. मग मेव्हणा, जो विम्याच्या कामासाठी पुन्हा आलेला होता आणि ज्याचं नाक पुन्हा गळत होतं, गर्दीतून वाट काढत पुढे सरकला.

“काका, डॉक्टरांनी तुम्हाला काय लिहून दिलं?”

काकांनी खिशातली चिठ्ठी दाखवली.

“वा!” मेव्हणा म्हणाला, “चिठ्ठी आहेच. तेच मलाही एक पाकीट द्या.”